मोजणी

नोंदवहीत असं आहे: बुधवार, सकाळचे दहा दहा,
टायव्ही नदीच्या वरच्या अंगाला, साडेसहा एकर,
उतार उत्तरेकडे, हवा ओली.
मी काउन्सिलचा माणूस. बूट माझे, टेप आणि पेन सरकारी.

यर्ट, एक. व्यास सहा मीटर वीस.
भिंत म्हणजे हेझलच्या काठ्यांची जाळी, चामडी वाद्यांनी गाठलेली.
ओढली की भात्यासारखी उलगडते,
मिटली की नुसती मोळी, दोघांना सहज पेलेल अशी.
वर मेंढीच्या लोकरीचा नमदा, त्यावर मेणकापड,
माथ्याला गोल भोक, त्यातून आभाळ
थेट चुलीवरच्या किटलीपर्यंत उतरलेलं.
पाया: नाही.
इथे पेन अडखळलं. एकवीस वर्षं घरं मोजतोय,
त्या रकान्यात ‘नाही’ पहिल्यांदा.

इथेल चहा देतो. दूध शेळीचं, त्याला जरा वास.
मी वाचत जातो. पाणी? छपरावरचं.
वीज? दोन सौर पत्रे, एक बॅटरी, जानेवारीत काळोख.
मैला? लाकडाच्या भुशात, दोन वर्षांनी सफरचंदांना.

प्रश्न चौदावा: सदर बांधकाम हटवल्यास
जमीन पूर्ववत व्हायला किती काळ लागेल?
इथेल डोकं खाजवतो. उत्तर माब्ली देते, वय वर्षे आठ:
‘मागच्या साली आम्ही तिकडे होतो, बर्चखाली.
उचललं तर खाली गवत पांढरं,
आजी झोपून उठल्यावर तिचे केस असतात तसं चपटं.
मग मे महिन्यात बाकीच्यांपेक्षा हिरवं.
आता मलासुद्धा जागा सापडत नाही.’
मी लिहितो: एक हिवाळा.

मग गाडीच्या फेऱ्या.
वर्षाला दोनशे. त्यांचंच वचन, सहीनिशी.
नॉन वही पुढे करते. खाडाखोड नाही, एकेक तारीख.
तीनशे त्र्याहत्तर.
‘आई,’ एवढंच म्हणते, आणि पडद्याकडे बघते.
पडद्यामागे कुणीतरी कूस बदलतं.
आठवड्यातून तीनदा रक्त धुवायचं, कार्मार्थनला.
बस होती. ती बंद केली.

माझ्या तक्त्यात आईला रकाना नाही.
माझ्या फेरीलाही नाही:
एकेचाळीस मैल, डिझेल, एकटा माणूस,
हे विचारायला की पृथ्वीवर तुमचा भार किती.

मी तीनशे त्र्याहत्तर लिहिले.
मला खोटं लिहिता येत नाही, हा गुण नव्हे, सवय आहे.
‘शेरा’मध्ये तीन ओळी घातल्या, म्हातारीबद्दल, बसबद्दल.
वरून पत्र आलं:
शेरा विचारात घेतला. अर्ज नामंजूर.

मार्चमध्ये पुन्हा गेलो, जागा मोकळी झाल्याची खात्री करायला.
शेजारचा ह्यू म्हणाला, दीड तासात उतरवलं त्यांनी.
म्हातारी खुर्चीत बसून दोऱ्या मोजत होती,
एक कमी भरली म्हणून सगळ्यांना शोधायला लावलं.
आता गावात आहेत, तिसरा मजला, इस्पितळाच्या मागे.
आणि घर?
घर ह्यूच्या गोठ्यात, ट्रेलरवर,
कसर लागू नये म्हणून लोकरीत लव्हेंडरच्या पुरचुंड्या खोचून.

गवतावर सहा मीटर वीसचं पांढरं शून्य.
टेप काढली. लावली नाही.
कडेकडेनं फिरलो, आत पाय टाकवेना
बोलावल्याशिवाय.
दार कुठे होतं ते मात्र कळत होतं:
तिथला चिखल तुडवून घट्ट झालेला,
त्यात लहान बुटाची एक टाच.

रात्री घरी झोप येईना.
खाली दीड मीटर काँक्रीट आहे, मला आकडा पाठ आहे,
मीच मंजूर केलं होतं.

मे महिन्यात जाईन परत. काम काही नाही.
स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या खुणांखाली,
आधीच लिहून ठेवलंय:
फेरी, एक.