हातचा

आकडे खोटं बोलत नाहीत, असं ग्लेनिसबाई म्हणतात.
बाईंना लोकर कळते.
आकडे बोलतात खोटं,
फक्त त्यांना ते नीट जमत नाही.

त्रेलेवच्या गोदामात, जुलैच्या थंडीत,
पत्र्यावर वारा मूठमूठ वाळू फेकत होता
आणि मी तीन वर्षांची वजनं एका रकान्यात उतरवत होते.
चौदा हजार दोनशे आठ गठ्ठे,
दरेक दोनशे किलोच्या आगेमागे.
शेकडा झाकला, दशक झाकला,
शेवटचा अंक तेवढा उघडा ठेवला.

शेवटच्या अंकाचं कुणाला काही पडलेलं नसतं.
दोनशे अकरा काय न् दोनशे बारा काय,
मेंढी थोडीच मोजून वाढते!
म्हणून तिथं शून्यापासून नवापर्यंत
सगळ्यांची हजेरी सारखी लागायला हवी.
गेल्या वर्षीच्या मार्चपर्यंत लागतही होती.
मग रात्रपाळीत सात वाढत गेले.
सात, तीन, सात, सात.
शून्य तर गावच सोडून गेलं.

पाणी कुठंतरी मुरतंय, मी म्हटलं.
"पाणी कसलं, लोकर मुरतेय," बाई म्हणाल्या.
"रात्री काट्यावर कोण असतं, ठाऊक आहे मला."
एल्विओ पाइनेमाल. एकतीस वर्षं नोकरी.
मापात पाप, आणि तेही या वयात.

पण बंदरावर कंटेनर पुन्हा तोलतात.
मी पुएर्तो माद्रिनचे कागद मागवले.
आमच्या वहीत अठरा हजार चारशे बारा,
त्यांच्याकडे अठरा हजार चारशे नऊ.
पुढचा एकवीस किलोंनी इकडे,
त्यापुढचा सोळांनी तिकडे.
चोरी अशी डुलत नाही.
चोरी एकाच अंगावर झोपते.

म्हणजे वजनं मनची
आणि बेरीज खरी.
हे कोष्टक घेऊन मी दोन दिवस बसले.

तिसऱ्या रात्री काट्यापाशी गेले.
तबकडीची काच कुणी पुसलेलीच नव्हती,
तिच्याकडे बघायचं कुणाला होतं म्हणून!
एल्विओनं गठ्ठ्याला खांदा लावला,
इंचभर ढकलला, थांबला,
तळवा ठेवला, जसा तापाच्या कपाळावर ठेवतात,
आणि वहीत लिहिलं: दोनशे सतरा.
मी काच पुसून पाहिली. दोनशे एकोणीस.
मी पेन्सिल पुढे केली.
त्याचा हात तिच्या शेजारची हवा धरून परतला.

"डॉक्टर म्हणतो, मधलं गेलंय.
कडेकडेचं दिसतं अजून.
दार दिसतं. तुम्ही आलात ते दिसलं.
आकडा तेवढा मधोमध असतो."

मग मला राहवेना. मी विचारलं, सातच का?

तो हसला, पोरीला हसावं तसा.
"शून्य लिहिलं तर कुणाला खरं वाटेल?
दोनशे वीस म्हटलं की माणूस विचारतो, नीट पाहिलंस का.
दोनशे सतराला कुणी विचारत नाही."

सव्वा वर्ष कुणी विचारलं नव्हतं.

आता काट्यापासून संगणकापर्यंत एक राखाडी वायर आहे.
सात खाली आले, शून्य परतलं,
आलेख आमच्या मुलखासारखा सपाट.
एल्विओ दिवसपाळीला प्रत निवडतो, बोटांनी,
पगार थोडा कमी.
तो माझ्याशी बोलतो. फार नाही.

अहवालात "कारण" नावाचा एक रकाना असतो.
त्यात मी लिहिलं: उपकरण जुने.
बाईंनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, सही केली.

काल तोच अहवाल फाइल करताना
माझीच एक ओळ दिसली:
संबंधित कर्मचाऱ्याशी सदतीस मिनिटे चर्चा.

त्या रात्री माझ्या हातात घड्याळ नव्हतं.