कोनसेट

कागलकडं तोंड करून, रविवारी पहाटे,
गोकुळ शिरगावचे दिवे अजून पिवळे असताना
मी तिसऱ्या गिअरमध्ये मूठ पिळली.
मागं इरफान होता, त्याच्या मागं कुणीच नव्हतं,
कुठल्यातरी कारखान्याच्या मळीचा आंबूस वास
हेल्मेटच्या काचेआड शिरून बसलेला.

पुढचं चाक हलकं झालं.
उचललं नाही. रस्त्याला टेकून राहिलं नुसतं,
परक्या घरी खुर्चीच्या कडेवर बसावं तसं.

आणि पुलाचा लोखंडी जोड आला.
चार बोटं रुंद.
चाक खाली आलं ते केसभर वाकडं.

मग हँडल डावीकडं उजवीकडं डावीकडं
उजवीडावीउजवी
सेकंदात किती वेळा ते मी मोजलं नाही,
मोजणं हा माझा धंदा असला तरी.
आरसे गेले. मीटरवर एकशे बेचाळीस होतं,
किंवा एकशे बेचाळीसच्या जागी
एक हिरवा, थरथरणारा डाग.

अमीन शिकलगार मिस्त्रींनी कितीदा सांगितलेलं:
"घट्ट धरू नकोस गं. घट्ट धरलीस
का मग गाडी न्हाई, तूच हलवतीस.
चाकाला सरळच जायचं असतंय."
उद्यमनगरात, स्टुलावर, चहा पिताना
किती पटायचं ते.

पुलावर काही आठवलं नाही.
दोन्ही मुठी आवळल्या, दात आवळले,
बाराव्या वर्षी विहिरीत ढकललं होतं
तेव्हा दोर धरला होता तसं धरलं.
हँडल टाकीवर आपटलं.
मध्ये माझा डावा अंगठा होता.

अक्कल नव्हती ती. अंगठा ठेचला
म्हणून डावी मूठ सुटली.
उजवी, गॅस सोडायचंच विसरून गेली.
गुडघे आपोआप टाकीला भिडले,
आणि दोन मोठे हेलकावे,
एक लहान,
एक त्याहून लहान,
मग शहारा,
मग डायल गेजची सुई शून्यावर येते तसं
सगळं शून्यावर.

कणेरीवाडीच्या टपरीवर इरफान काही बोलला नाही.
बशी वाजत होती. त्यानं माझ्या हातातून काढून
बाकड्यावर ठेवली.

"भ्यालो की ओ," मी मिस्त्रींना म्हणाले.
आमच्याकडं बायकाही भ्यालोच म्हणतात.
ते हसले नाहीत. पुढचं चाक स्टँडवर उचललं,
एका बोटानं हँडल ढकललं.
ते सावकाश कललं आणि बरोबर मधोमध
अडलं. टक्.
पुन्हा ढकललं. टक्.
"कोनसेट गेलाय. बघ, खाच पडलीया.
हायवेला सरळच चालवतीस न्हवं?
जिथं सरळ, तिथंच झिजतंय."

"डॅम्पर बसवायचा का?"
"किती?"
"अठरा हजार. जुना, पण चांगला."
"पुढच्या महिन्यात."
"तवर हळू पीळ," म्हणाले,
आणि जुनी रिंग ग्रीससकट
वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिली,
मी न मागताच.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत
ती रॉकेलनं धुतली, मशीनवर ठेवली.
खाच निघाली अठरा मायक्रॉन खोल.
केसाचा पाचवा हिस्सा असेल.
आमच्या नोंदवहीत या गोष्टीला रकाना नाही.
आकडा हातावर पेनानं लिहिला,
संध्याकाळी भांडी घासताना गेला.

अंगठ्याचं काय झालं, सुपरवायझरनं विचारलं.
कपाटाचं दार, म्हणाले.
आईला वेगळं सांगितलं, ते आता आठवत नाही.

नखाखाली काळं रक्त साकळलंय.
मिस्त्री म्हणतात ते दाबायचं न्हाई, टोकरायचं न्हाई,
नखाबरोबर वाढत वाढत आपसूक
टोकाला जातंय, मग कापून टाकायचं.
तीन महिने लागतील, चारही.

काल पुन्हा त्याच पुलावरून गेले, नव्वदनं.
जोड आला, धप् झालं, गेला.
बोटं सैल होती.
अंगठा मात्र मी न सांगताच
हवेत उभा राहिला होता, एकटा.