विहिरीचा नंबर

दिवसातून आठ-नऊ येतातच.
एक पोरगी वर्धा रोडवर प्लॉट विकते,
एक बुवा म्हणते तुमचं केवायसी सरलं,
एक तं उचलल्याबरोबर अभिनंदनच करते.
कायचं अभिनंदन, बाप्पा?
मी तं आत्ताच ढोराले पाणी दाखवून आलो.

भाच्यानं, लेखरामनं, फोन हातात घेतला,
दोन-चार जागी बोट दाबलं,
म्हणे मामा, ज्याचं नाव नाही
त्याची घंटीच वाजणार नाही आता.

बरं वाटलं. जेवण शांतीनं झालं.

संत्र्याले दीड महिन्याचा ताण होता,
पानं पार मुरडून गेली होती.
आंबिया बहाराचं पहिलं पाणी आज-उद्या सोडाचंच होतं.
लाईनीचा भरवसा नाही, म्हणून मोटरच्या डब्यात सिम आहे;
लाईन आली का विहीरच फोन करते.
ते सिम मंगळवारी बदललं.
नाव टाकाचं राहून गेलं.

सकाळी पाहतो तं
प्लॉटवालीच्या आन केवायसीवाल्याच्या मंधात
एकच नंबर तीनदा:
एक चाळीस, दोन दहा, सव्वातीन.

उलटा लावला. आतली बाई म्हणे,
"वीजपुरवठा बंद आहे. मोटर बंद आहे."
घोकल्यासारखी. दोनदा.
म्या शेवटलोक ऐकून घेतलं,
मंधात कापलं नाही.

मंग नंबर सेव्ह केला. विहीर.
फोननं आडनाव मागितलं.
माहंच देलं.