पाकीट

सकाळी सव्वाआठला, तराजूच्या काचेआड,
मी पन्नास मिलिग्रॅम पांढरा चुरा मोजते.
श्वास रोखून. नाहीतर उडतो.
हा चुरा म्हणजे दुधातली आंबटी,
कडीत कडी अडकवून लांबवलेली.
प्लोवदिवच्या घराघरांत रात्री
उबेला झाकून ठेवतात ते विरजण,
त्याच घराण्यातली ही दूरची नातलग,
शिकून शहाणी झालेली, कोरडी, बिनवासाची.

मग द्रावक, मग औषध, मग पाणी,
आणि त्यात ध्वनीची सळई बुडवायची.
ती किंचाळते.
कान झाकले तरी दाढांत ऐकू येते.
दोन मिनिटांनी भांड्यात दूध दिसतं.
दूध नव्हे. अब्जावधी गोळे,
केसाच्या रुंदीत पाचशे
मांडीला मांडी लावून बसतील एवढाले.

मंगळवारी मी साखर घालायला विसरले.
गोठवून सुकवण्याआधी चिमूटभर लागते,
नाहीतर गोळे थंडीत एकमेकांना बिलगतात
आणि पुन्हा सुटत नाहीत.
तीन आठवड्यांचं काम बाटलीच्या तळाशी
भिजल्या रव्यासारखं बसलं.
डॉक्टर वेलिच्कोवा काही बोलल्या नाहीत.
बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी जिन्यात ग्रोझदान भेटले,
तिसऱ्या मजल्यावरचे. डाव्या डोळ्यावर पट्टी.
दर महिन्याला डोळ्याच्या पांढऱ्यात सुई.
अडतीस वर्षं त्यांनी टपाल वाटलं,
जुन्या शहराचे दगडी चढ
अजून गुडघ्यांत मोजून ठेवलेत.

"तिथे दिवसभर करतेस तरी काय, इस्क्रा?"
म्हटलं, पाकिटं करते.
औषध आत. पाकीट आपसूक विरत जातं
आणि आतलं थोडं थोडं सुटत राहतं.
चार महिन्यांना एक सुई.
"आणि पाकिटाचं काय होतं?"
पाणी. आणि उच्छ्वास.
चढ चढल्यावर पोटऱ्यांत आंबट साचतं ना,
ते ज्या वाटेनं जातं त्याच वाटेनं जातं.

ते पायरीवर टेकले.
"लोक दारातच पाकीट फाडायचे, माझ्यासमोर.
नजर पत्रावर, हात कडीवर.
एका बाईनं मात्र रिकामं पाकीट
माझ्या हातात परत दिलं. म्हणाली, हे तुझं."
जिन्यातला दिवा वेळ संपून विझला.
मी चाचपडत बटण दाबलं.

मग खरं ते सांगून टाकलं:
पहिल्याच दिवशी निम्मं औषध सांडतं.
आलेखावरची रेघ भिंतीसारखी उभी चढते
आणि उरलेले दिवस लोळत पडते.

"नवे पोस्टमन असेच," ग्रोझदान म्हणाले.
"पहिल्या गल्लीतच थैली हलकी करतात.
नको ते पत्रसुद्धा कुणाच्याही फटीत.
टेकडीवरची घरं बसतात खिडकीत."
मग?
"थैलीच्या तोंडाशी काही ठेवायचं नाही.
हाताला आयतं लागेल असं काही नाही.
सगळं खाली, खोल."

हे मला माहीत होतं. छापील पानांवर वाचलेलं,
कवचाला बाहेरून चिकटलेलं आधी सुटतं वगैरे.
पण थैलीचं तोंड मी पाहिलं नव्हतं.

"माझ्या वेळेत होईल?"
एकोणऐंशी त्यांचं वय.
अजून उंदरांवरच आहे, मी म्हटलं.
दहा वर्षं. कदाचित जास्त.
त्यांनी मान आडवी हलवली, सावकाश, दोनदा.
आमच्याकडे तो होकार असतो.
मग भिंतीला हात लावत वर गेले,
एकेक पायरी नावानिशी ओळखत असल्यासारखे.

आज गोळे दोनदा नाही, तीनदा धुतले.
साखर आधीच काढून ठेवली आहे,
बशीत, डोळ्यांसमोर.