गुरुवार, साडेनऊ

आधी पाटी येते : सत्य घटनेवर आधारित.
तिच्याखाली बारीक अक्षरांत : सर्व पात्रे काल्पनिक.
मी दोन्ही वाचते, चष्मा पुसून.
मग माझे वडील येतात.

माझगावच्या दवाखान्यातले कंपाउंडर,
पांढरा कोट, केस तेल लावून चापून बसवलेले.
बाटलीला डोसाची कागदी पट्टी चिकटवताना
जिभेचं टोक दातांत धरतात.
हे त्या नटानं कुठून काढलं?
मी तसंच धरते, सुई ओवताना.

आमच्याकडे त्यांचा एकही फोटो नाही.
निकाल लागला त्या रात्री
आईनं सगळे बंबात घातले,
लग्नाचा तेवढा कातरून आपली बाजू ठेवली.
तिच्या खुर्चीच्या पाठीवर
चार बोटं राहून गेलीत.
मग मामाचं आडनाव, विक्रोळीची खोली,
आणि कुणी विचारलंच तर : टायफॉइडनं गेले.

पासष्ट वर्षांनी फौजदार ओरडतो, "करगुटकर!"
आणि बसल्या जागी मी पदर सावरते.

मालिकेत त्यांना मूलबाळ नाही.
बरं केलं.
दोन गुरुवार मात्र वाट बघितली,
दाराआडून एखादी पोर डोकावेल म्हणून.

शेजारच्या नाबरबाई मटार घेऊन येतात सोलायला.
"मेला दिसायला किती गुणी," म्हणतात,
"आणि त्या बिचाऱ्या पारशिणीनं याला पोरासारखं वागवलं हो!
फाशीच हवी."
"हवीच," मी म्हणते,
आणि शेंगेतली अळी बोटानं बाजूला काढते.

वडिलांचं मला काहीच आठवत नाही.
आठवतो तो फ्रेनीबाईंचा हात :
सुरकुतलेला, कोलनवॉटरचा वास,
आणि माझ्या मुठीत दाबलेलं पेपरमिंट.
टीव्हीवरच्या बाईच्या बांगड्या फार वाजतात.
त्यांच्या हातात काहीच नसायचं.

आज तो भाग.
खोकल्याचं औषध, चमचा,
चमचा ओठांपाशी
आणि जाहिराती. साबण, सिमेंट, सोन्यावर कर्ज.
एवढ्या वेळात फ्रेनीबाई जिवंत आहेत,
आणि माझे वडील
हातात चमचा धरून उभे असलेले
नुसते एक कंपाउंडर.

"लागलं, लागलं! आवाज वाढवा," नाबरबाई म्हणतात,
"रिमोट कुठाय?"
त्या उशा उचलतात, वर्तमानपत्र झटकतात,
मटारची परात सरकवून खाली वाकून बघतात.

मी त्याच्यावरच बसलेय.