एका व्हिसावर चार माणसं

मनामात, हूराच्या गल्लीतल्या हॉटेलात
तिसऱ्या मजल्यावर, गळक्या एसीखाली
बारा वर्षं बसलो या गोल स्टुलावर.
आज ड्रमसेट सोडवतोय.
उद्यापासून पेन ड्राइव्ह वाजेल, मॅनेजर म्हणाला.
मारिसेल माइकची वायर कोपरावर गुंडाळत
एवढंच विचारते :
तुझं सामान किती किलो?

पहिली सुटते झांज.
अंगभर हातोडीचे व्रण, देवी आल्यासारखे.
हिचं घराणं इस्तंबूलचं. तांब्या-कथलाचं माप
एका आर्मेनियन घरात बाप फक्त मुलाच्या कानात सांगायचा, म्हणे.
सुलतानाच्या फौजेपुढे वाजायची ही,
शत्रूचे घोडे बुजावेत म्हणून.
तिला मी बनियनमध्ये गुंडाळतो.

मग स्नेअर. पोटाखाली तारा ताणलेल्या.
पलटणीतून आलेला गडी,
अजून प्रत्येक गोष्टीला खाडकन हजर म्हणतो.

दोन्ही टॉम मूळचे चिनी.
मजुरांच्या बोचक्यांबरोबर अमेरिकेच्या धक्क्यावर उतरलेले,
कातड्यावर रंगवलेला ड्रॅगन, कडेला ठोकलेले खिळे.
दमट हवेत आवाज बसायचा, मग शेकत बसायचं.
(इथल्या ऑगस्टात कातडं असतं
तर मी नुसता शेकतच बसलो असतो.
प्लास्टिकनं माझी नोकरी वाचवली,
हे कबूल करायला हवं.)

आणि हे पेडल.
शंभराहून जास्त वर्षं झाली.
नाचघरात जागा कमी, मालकाच्या खिशात त्याहून कमी,
कुणीतरी फळीला बिजागरी लावली
आणि मोठ्या ढोलाचा माणूस घरी गेला.
पुढे दोन झांजा एका दांडीवर चढल्या,
आधी घोट्याएवढ्या, मग पार कमरेपर्यंत.
झांजवाला गेला.
उरला एकजण, चार हातापायांचा,
आणि त्याच्याभोवतीच्या पसाऱ्याला
लोक म्हणू लागले काँट्रॅप्शन.
खटाटोप. आपला शब्द जास्त वाजतो.

मूकपटाच्या पडद्याखाली हाच बसायचा अंधारात :
घोड्याच्या टापा, आगगाडी, कोंबडा,
जाड्या माणसाचं घसरून पडणं, सगळं याच्याकडे.
एके दिवशी पडदा स्वतःच बोलला.
त्यालाही कुणी विचारलं असेल,
सामान किती किलो?

माझा बाप, सोपान जावीर,
जतेच्या बँडात मोठा ढोल वाजवायचा.
खांद्यावरचा पट्ट्याचा वळ शेवटच्या अंघोळीपर्यंत गेला नाही.
मी पाठवलेला फोटो डोळ्याजवळ धरून म्हणाला,
"ढोल हाय, ताशा हाय, झांजा हायती.
मानसं कुठं बसल्याती?"
एकटाच असतो, आबा. मीच.
"मग बाकीच्यांनी खाल्लं काय?"

फोनवर तेव्हा रेंज गेल्याचं सांगितलं.
खरं म्हणजे मी त्यांनाच आणलं होतं इथं,
चार माणसं, एका व्हिसावर,
एका बंकवर, एका पगारात.

सेट हॉटेलचा, पेडल माझं.
ते पिशवीत घालून खाली आलो
तर रखवालदार बू जासिम म्हणाला, चल.

मुहर्रकला, चपला काढून, एका लांब खोलीत
म्हातारे भिंतीला टेकून बसलेले.
एकाजवळ मातीचा घडा, एकाजवळ तळहाताएवढा मिरवास,
एकाला फक्त टाळी.
मोत्याच्या बोटींवर यांचे आजे गायचे.
तिकडे पडदा बोलू लागला त्याच सुमारास
जपानहून शेतातला मोती आला,
आणि बोटी वाळूवर ओढल्या गेल्या.
हे मात्र दर गुरुवारी जमत राहिले.
कुणाचाही आवाज दुसऱ्याच्या हातात न देता.

गाणं सुरू झालं आणि माझा उजवा पाय
गालिच्यावर आपोआप पडू लागला.
बू जासिमनं गुडघ्यावर हात ठेवला.
थांब, म्हणाला.
त्याला माणूस आहे.