पहिलं अक्षर

नोटरीच्या कागदावर स्पॅनिशमध्ये एकच शब्द होता, नोसोत्रोस.
गावजेवणाच्या पातेल्यासारखा. सगळे मावलो त्यात,
मी, देर्लिस, त्याची बायको लिद्या.
सही करताना शाई जरा फुटली.

पैशाचं बोलणं आमच्याकडे स्पॅनिशमध्येच चालतं.
आई अंडी ग्वारानीत विकायची
आणि सुटे स्पॅनिशमध्ये मोजायची.
शाळेत ग्वारानी बोलली म्हणून
मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकले होते तिनं.
आकडे तेवढे घेऊन आली तिथून,
बाकीची भाषा त्यांची त्यांना ठेवून.

त्या दुपारी देर्लिसनं तेरेरेचं शिंग माझ्या हातात दिलं,
बर्फ घालून, पुदिना चुरडून,
आणि मला फार लागू नये म्हणून
घरच्या भाषेत आला,
चपला बाहेर काढून यावं तसा.
"ओरे," म्हणाला, "ठरवलंय. विकायचं घर."

ओरे. म्हणजे आम्ही.
आपण म्हणायचं असतं तर न्यांदे म्हणाला असता.
कुठला शब्द कुणाला वाढायचा
हे चुकत नाही आमच्यात कुणाचं,
तापात बरळतानासुद्धा नाही.
स्पॅनिशमध्ये बोलला असता
तर मी आणखी वर्षभर त्या पातेल्यात बसून राहिले असते.

राग आला तो ग्वारानीतच, आईच्या आवाजात, घशापर्यंत.
पण उत्तर दिलं स्पॅनिशमध्ये:
"माझ्या वाट्याला किती टक्के?"
त्या भाषेत मला रडता येत नाही.
तिथे मी कायम इस्त्रीची असते.

तो नदीपलीकडे पोसादासला परत गेला.
घर अजून तसंच आहे. गिऱ्हाइकं येतात,
विहिरीत डोकावतात, भिंतीवर टकटक करतात.

परवा रात्री त्याचा फोन.
आधी स्पॅनिशमध्ये वीजबिल, छपराचा पत्रा, नगरपालिकेचा कर.
मग बराच वेळ नुसता वारा.
पुलावर उभा असावा.
मग ग्वारानीत,
". . . घरातलं ते कडू संत्र्याचं झाड,
यंदा धरलंय का गं?"

आपल्या म्हणाला की आमच्या,
ते पहिलं अक्षर पाराना नदीत पडलं.
पुन्हा सांग, म्हणता आलं असतं.

"धरलंय," म्हटलं.
"खूप धरलंय. खाली पडून वाया चाललीत."